व्यायाम आधी की खाणं आधी? (अनुभव सांगा)

साखरझोप
काल रात्री लेकाने जिमसाठी हरभरे भिजत घातले. सकाळी झाकण काढलं, तो ओला वास आला आणि मी थेट आजोळच्या तालमीच्या दारात. मामा पहाटे चारला उठायचे. लाल माती, जोर-बैठका, आणि तोवर पोटात पाण्याशिवाय काही नाही. भिंतीवर मारुती आणि शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो. १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाचं कौतुक त्या गल्लीत तेव्हाही शिळं झालं नव्हतं. आम्हा मुलींना आत प्रवेश नव्हताच. पण मेहनत संपली की मंडळी दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटायला बसायची आणि ती थंडाई उंबऱ्याबाहेर आम्हालाही मिळायची. खाणं नंतर, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.
आता लेक म्हणतो आधी केळं आणि पीनट बटर. त्याची आजी म्हणते, भरल्या पोटी उड्या मारू नकोस. पंच मी. तुमच्याकडे काय चालतं?

तांबडी_माती
लई भारी, ताई. पण मामा आदल्या रात्री किती जेवायचे ते सांगितलंच नाही! पैलवानाचं रिकामं पोट म्हंजे आपल्यासारखं रिकामं नव्हं. रात्री भाकरी, मटण, वर कोल्हापूरच्या गंगावेशीत डोळ्यासमोर काढलेलं म्हशीचं दूध. पहाटेची मेहनत त्याच्यावर निघायची. आता हापिसातली माणसं रात्री सूप पिऊन सकाळी बैठका मारत्यात आणि डोळ्यापुढं अंधारी येती म्हणत्यात.

घाटचढ
हेच लिहायला आलो होतो. रात्रभरात यकृतातला ग्लायकोजेनचा (शरीराने साठवलेल्या साखरेचा) साठा बराच उतरतो, स्नायूंतला मात्र बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणून तासाच्या आतलं हलकं पळणं मी नुसत्या कोऱ्या चहावर करतो. रविवारी लांब पळायचं असलं की निघण्याआधी केळं, आणि तासाच्या पुढे गेलं की दर तासाला ३०-६० ग्रॅम कर्बोदकं. मी खिशात खजूर ठेवतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट लागला की कोण उपाशी आलंय ते चेहऱ्यावर दिसतं. उलटा प्रकारही पाहिलाय, आमच्या ग्रुपमधला एक मिसळ हाणून पळायला आला होता. पुढचं लिहीत नाही, लोक जेवता जेवता वाचत असतील.

मऊभात
हो, जेवतच होते. धन्यवाद.

तर्रीबाज
आमच्या नागपुरात हा प्रश्नच नाही जी. अंबाझरीवर फिरून आलं की तर्री पोहे. फिरतेतच त्याच्यासाठी.

टेकडीवर_भेटू
+१. सिंहगडावर पिठलं-भाकरी, भजी, वर मडक्यातलं दही. चढताना जे जाळलं ते व्याजासकट परत. पण रविवारी पार्किंगचं काय करता तुम्ही लोक? पाचला निघालं तरी रांग.

घाटचढ
पीएमपीची बस, मग पायथ्याच्या आतकरवाडीतून चालत. हा पण व्यायामच.

गॅसवर_दूध
घाईत लिहितेय, दोन शिट्ट्या झाल्यात. संकष्टीला झुंबा करायचा का? मागच्या वेळी साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले, तिसऱ्या गाण्याला सगळं घशाशी. मॅडम म्हणाल्या उपास कर. म्हटलं उपासच आहे हो माझा!!

मऊभात
तिसरी शिट्टी झाली का बघ आधी.

श्वासोच्छ्वास
आसनांचा हिशोब वेगळा. पश्चिमोत्तानासनात पोट चेपलं जातं, कपालभातीत तर हिसकेच बसतात. पूर्ण जेवणानंतर आम्ही वर्गात तीन-चार तास सोडायला सांगतो. सूर्यनमस्कार सकाळी उपाशीपोटी उत्तम, त्याआधी कपभर कोमट पाणी पुरे. तरी आमच्या बॅचला एक काका रोज इडली खाऊन येतात आणि शवासनात घोरतात. त्यांचं बाकी सगळं छान चाललंय.

सुईदोरा
सगळ्यांनी उपाशीपोटीचं इतकं कौतुक केलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे ह्यांना इन्सुलिन आहे. डॉक्टरांचं सांगणं असं की निघण्याआधी साखर मोजायची, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. एकदा टेकडीच्या वाटेवर ह्यांचे हात थरथरायला लागले, थंडीत शर्ट घामाने भिजला आणि माझ्यावरच चिडायला लागले. बरोबरच्यांना वाटलं भांडण झालंय. मोजली तर ५८. जवळ ग्लुकोजची पूड होती, १५ ग्रॅम पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ७० च्या वर गेल्यावरच उठू दिलं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवरही असं होऊ शकतं. तेव्हा मामांचा नियम सगळ्यांना लावू नका, प्लीज.

साखरझोप
बापरे. आमच्या सासूबाईंना गोळ्या आहेत, आणि त्यांचंच 'उपाशीपोटी फिरावं' चालू असतं. गोळीचं नाव आजच बघते.

डंबेलदादा
साखरझोप ताई, तुमच्या मुलाला सांगा, व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन गेलंच पाहिजे ही घाई आता कमी झालीये. दिवसभरात एकूण किती जातं ते महत्त्वाचं. आधी केळं पचत असेल तर खाऊ दे. पीनट बटर मात्र नंतर, तेलकट असल्याने पोटात रेंगाळतं.

तांबडी_माती
आन् हरभरे?

डंबेलदादा
नंतरच. जिममधल्या बाकीच्यांचाही विचार करा.

गॅसवर_दूध
वरण करपलं. असो. सुईदोरा, चॉकलेट ठेवलं तर चालेल का जवळ? बाबांना पूड आवडत नाही.

सुईदोरा
चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. साध्या साखरेच्या पुड्या ठेव, हॉटेलात चहाबरोबर देतात तसल्या. तीन-चार लागतील. आणि पाण्याची बाटली.