धागा: पाठ कशानं भरली? आपापले अनुभव लिहा

उकडा_भात
रविवारी सकाळी बाणावलीला नुस्ते (मासे) आणायला गेलो तर किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. दोन्ही टोकांना माणसं, टाचा वाळूत रुतवलेल्या, अंग मागे टाकून दोर छातीकडे. माझ्यासमोर साठीचा एक बाब होता. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. दोर खेचला की दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधे अशी खोल घडी पडायची की लिंबू ठेवलं असतं तर अडकून बसलं असतं.

मला एकदम २०११ आठवलं. ताईचं लग्न, म्हापशात कोट शिवायला टाकलेला. चार वर्षं जिम करून छाती फुगवून उभा होतो. शिंप्यानं मागून टेप लावला, खांदे पुढे आलेले बघितले आणि म्हणाला, "बाब, फुडल्यान पैलवान, फाटल्यान कारकून." म्हणजे पुढून पैलवान, मागून कारकून. ताई अजून चिडवते.

कारण उघड होतं. आठवड्यात तीनदा बेंच प्रेस, आणि पाठ म्हणजे शेवटी उरलेल्या दहा मिनिटांत लॅट पुलडाउन (वरची दांडी छातीकडे खेचणं), तोही झोके देत. मग पुल-अप्स धरले. पाठ रुंद झाली, पण जाड नाही. फरक पडला तो पालथं झोपून रो (वजन अंगाकडे ओढणं) मारायला लागल्यावर. बेंच तिरका करायचा, छाती त्यावर टेकवायची, दोन्ही हातांत डंबेल आणि कोपरं अंगाला न चिकटवता थोडी बाहेर. वर गेल्यावर एक सेकंद थांबायचं. उभ्यानं २४ किलोचे डंबेल उडवणारा मी पहिल्या दिवशी १४ वर आलो. लाज वाटली. पण आठ-नऊ महिन्यांत जुने शर्ट पाठीवर ताणायला लागले.

तुमचं काय? कुठला व्यायाम लागू पडला, कुठला फुकट गेला?

पावसाळी_बेडूक
श्रग, वजन धरून खांदे कानांकडे उचलणं. फुकट गेला. तीन वर्षं. मान तेवढी गायब झाली.

फोंड्याचा
@बेडूक हाहा. श्रगनं ट्रॅप्सचा, म्हणजे मान-पाठीवरच्या मोठ्या स्नायूचा, वरचाच भाग येतो रे. तो स्नायू कवटीच्या मागून सुरू होऊन पार बरगड्या संपतात तिथपर्यंत खाली उतरतो. मधला भाग फरे एकमेकांकडे ओढल्यावर काम करतो, खालचा फरे खाली खेचल्यावर. आपण सगळे आरशात दिसतो तेवढाच मारतो.

माझं मत थोडं वेगळं आहे. मला बारबेल रोनंच (लांब दांडी ओढण्यानंच) दिलं, पण पेंडले पद्धतीचा. प्रत्येक रेपला (खेपेला) बार जमिनीवर पूर्ण टेकवायचा, मग ओढायचा. झोका द्यायला वावच राहत नाही. ८० किलो वरखाली हलवायचो तेव्हा काही आलं नाही, ५५ वर उतरलो तेव्हा आलं. आणि मंडळी, बार धरून मोजा. ऑलिंपिक बार २० किलोचा असतो, आमच्याकडे पोरं नुसत्या प्लेटी मोजतात आणि वाढत नाही म्हणून रडतात.

साखळीवाली
स्वयंपाक गॅसवर आहे, पटकन लिहिते. बाळ झाल्यावर दीड वर्ष पाजून पाजून पाठीला बाक आला होता. ट्रेनरनं सांगितलं, ताई तुम्ही पाठ मारू नका, रुंद होईल. मी म्हटलं होऊ दे! ५ किलोच्या डंबेलनं सुरुवात केली, एक हात बेंचवर टेकवून. आता साडेसतरा. रुंदबिंद काही झाली नाही, ब्लाउज मात्र दोनदा उसवून घेतले. सासूबाई म्हणतात शिंपीण चोर आहे.

आणि सिलिंडर. भरलेला घरगुती सिलिंडर जवळजवळ ३० किलो होतो (गॅस १४.२, बाकी लोखंड). आमचा पोऱ्या खालीच ठेवून पळतो. पहिल्या मजल्यावर मीच नेते. शेतकऱ्याची चाल का काय म्हणतात ती हीच ना?

फोंड्याचा
हो, फार्मर्स वॉक. फक्त दोन्ही हातांत सारखं वजन घ्या ताई. दुसरा सिलिंडर शेजारणीचा न्या, पुण्यही मिळेल.

मिरसांग
पाठीचं राहू दे, आमच्या जिममधल्या प्लेटींना समुद्राच्या हवेनं एवढा गंज चढलाय की घरी आलो की हात तांबडे. बायको विचारते सिमेंटचं काम घेतलंस का. एकदा मीच शहाणपणा करून बारला खोबरेल चोळलं. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहताना) बार हातातून सटकला, अंगठा वाचला देवाच्या कृपेनं. पकडायच्या खरखरीत जागेवर तेल लावू नका रे.

पावसाळी_बेडूक
आमच्यात चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) चालत नाही, मालक म्हणतो लादी खराब होते. जूनमध्ये घामानं हात असे निसरडे की पाठ दमायच्या आधी बोटं सुटतात. मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे स्ट्रॅप बांधले तेव्हा कळलं पाठ मारणं काय असतं.

मिरसांग
स्ट्रॅप कुठून घेतले? मडगावात मिळाले तर सांग.

निवृत्त_मास्तर
तुम्हा तरुणांना गंमत वाटेल. मी जिमचं तोंड पाहिलेलं नाही. शिगम्यात पंचवीस वर्षं ढोल वाजवला, गळ्यात पट्टा आणि खांदे पुढे. पन्नाशीत मान धरली. फिजिओथेरपिस्टबाईंनी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून तोंडाच्या उंचीवर ओढायला शिकवलं, कोपरं वर, मुठी कानांपाशी. रोज पंधरा-पंधरा तीनदा. दोन महिन्यांनी मान वळायला लागली. नातू सांगतो याला फेस पुल म्हणतात. आम्ही त्याला 'गज' म्हणतो. "आजोबा, आज गज झाला का?"

साखळीवाली
मास्तर, किती गोड! भाजी लागली माझी. येते.

उकडा_भात
@फोंड्याचा, पेंडले पटतं, पण माझी अडचण कंबर. डेडलिफ्टच्या दिवशीच रो मारायचो, वरची पाठ ताजी आणि कंबर आधीच गळालेली. छाती टेकवल्यावर कंबरेला सुट्टी मिळाली. कोपरं अंगाला चिकटवून ओढलं की काम लॅट्सकडे (काखेखालच्या रुंद स्नायूंकडे) जातं, बाहेर काढली की फऱ्यांमधल्या स्नायूंकडे आणि खांद्याच्या मागच्या भागाकडे. एवढं कळायला मला सहा वर्षं लागली. एक सूचना: जेवून लगेच पालथे झोपू नका. सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं झणझणीत कालवण) खाऊन गेलो होतो एकदा, पुढचं लिहीत नाही.

आगोंदकर_पोर
२०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा वेटलिफ्टिंग बघायला गेलो होतो. एवढ्याशा पोरी, पण पाठी! मान ते कंबर नुसती दगडी भिंत. तेव्हापासून रुंद पकडीचा डेडलिफ्ट करतो, स्नॅचला (एका झटक्यात डोक्यावर उचलताना) बार धरतात तसा. वजन कमी लागतं, दुसऱ्या दिवशी फऱ्यांखाली असं दुखतं की शर्ट काढायला भाऊ लागतो.

मिरसांग
खायचं काय ते कोणीच बोलत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, बांगडा सोन्याच्या भावात. अंडी खाऊन खाऊन कोंबडी झालोय.

पावसाळी_बेडूक
चवथीला (गणेश चतुर्थीला) तर जिमच बंद. नेवऱ्यांनी (करंज्यांनी) पाठ भरते का मास्तर?

निवृत्त_मास्तर
पोट भरतं. पाठ ढोलानं.

साखळीवाली
आले परत. भाजी गेली. @उकडा_भात, त्या दिवशी रापणीत नुस्ते काय मिळालं ते सांगितलंच नाहीस!

उकडा_भात
तारले, थोड्या कुरल्या (खेकडे). शेवटच्या खेपेला मीही दोर धरला. पंधरा मिनिटांत तळहाताला दोन फोड. त्या बाबानं माझे हात उलटेपालटे करून बघितले, हसला, आणि पिशवीत चार तारले जास्त घातले.