टॅबवर चष्मा बघणारं गिऱ्हाईक

प्रश्न: सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरवर टॅब ठेवलाय. समोर उभं राहिलं की फ्रेम चेहऱ्यावर दिसते. गिऱ्हाईक रमतं, पण रंग-आकारातच. नाकावरचे पॅड रुततात का, काडी कानामागे बसते का, याकडे ढुंकून बघत नाही. तुमचा अनुभव?

उत्तर: वजन कॅमेऱ्याला कुठलं कळायला! मी टॅबवर तीन-चार फ्रेम निवडायला लावतो, मग टॅब उचलून आत. पुढचं आरशासमोर.

दुसरं उत्तर: फर्निचरचं उलट. आयकिया या फर्निचर कंपनीचं २०१७ चं ‘प्लेस’ ॲप फोनच्या कॅमेऱ्यातून सोफा खऱ्या मापात आपल्या खोलीत दाखवायचं. तिथे लक्ष मापावरच जातं. दार उघडेल का वगैरे.

प्रश्नकर्ता: टॅब उचलायचं पटलं. पण पोरंटोरं नुसती सेल्फी काढायला येतात, त्यांचं काय?

पहिले उत्तरकर्ते: काढू द्या हो. सोबत आईबाप असतात ना, त्यांचा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.