दुकानाची जुनी साईट नव्या डोमेनवर न्यायची आहे, गुगलवरची जागा कशी राखायची?

वडगावची_लेक
मंडळी, वडगावात आमचं साड्यांचं दुकान आहे. साईट २०१३ पासूनची, डोमेनमध्ये 'बेळगाव'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं तरी आम्ही तेच ठेवलं. आता निपाणीत दुसरं दुकान निघालंय म्हणून घराण्याच्या नावाचं डोमेन घेतलंय. पानं साडेतीनशेच्या वर, मराठी आणि कन्नड. कोल्हापूर-गोव्याची निम्मी गिऱ्हाइकं गुगलवर फोटो बघून येतात. ती तुटली तर मागावरच्या माणसांना काम कुठून देऊ? कसं आणि कधी हलवावं? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा की ओ.

खानापूर_रस्ता
ताई, मी केलंय आणि एकदा हात पोळूनही घेतलेत. आमच्या काजूच्या साईटचं काम ज्याला दिलं, त्यानं सगळी जुनी पानं नव्या होमपेजवर वळवली. असं वळवलेलं पान गुगल बहुतेकदा 'सापडत नाही' असंच धरतं. चौकश्या बंद पडल्या, पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उलटली.

तेव्हा आधी एक्सेलमध्ये दोन रकाने करा. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच साडीचा नवा. किचकट आहे, पण हे स्वतः बसून करा, दुसऱ्यावर सोडू नका. मग सर्व्हरवरून ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप आणि कायमचा नव्यावर जातो. फोटोंचे पत्तेही वळवा, तुमचा तर धंदाच त्यावर आहे. जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर, मधे टप्पे नकोत. नंतर सर्च कन्सोलमध्ये (साईटच्या मालकांसाठीचं गुगलचं साधन) दोन्ही डोमेन एकाच खात्यावर पडताळून 'चेंज ऑफ ॲड्रेस', म्हणजे पत्ता बदलल्याची नोंद, भरा आणि नवा साईटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, द्या.

निपाणी_वेब
वरचं सगळं बरोबर. कन्नड-मराठी पानं एकमेकांना जोडणारे एचरेफलँग टॅग आणि मूळ पान कुठलं ते गुगलला सांगणारे कॅनॉनिकल टॅग नव्या पत्त्यावर आणायला विसरू नका. हे जुन्याकडेच बोट दाखवत राहिले तर गुगल गोंधळतं. डिझाईन आत्ता बदलू नका, नाहीतर घसरण कशामुळे झाली ते कळायचंच नाही.

कधी हलवावं? पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून तेव्हा हलवाल, तर लगेच नवरात्र-दिवाळी येते. एवढ्या पानांना स्थिरावायला काही आठवडे जातात. आषाढ लागताच हलवा, गौरी-गणपतीपर्यंत उसंत मिळते.

वडगावची_लेक
डोमेनमधून गावाचं नाव गेल्यानं फटका बसेल का? आणि जुनं डोमेन वर्षभरानं सोडलं तर चालेल? दोन्हीचे पैसे भरायचे म्हणजे घरात प्रश्न येतो.

खानापूर_रस्ता
डोमेनमधल्या शब्दाला गुगल फारसं वजन देत नाही. पानावरच्या मजकुरात बेळगाव आणि बेळगावी दोन्ही लिहा, लोक दोन्ही शोधतात.

जुनं मात्र सोडू नका ताई. रीडायरेक्ट किमान १ वर्ष ठेवा असं गुगल सांगतं, पण तुमच्या पिशव्यांवर, बिलांवर आणि लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये तो पत्ता कितीतरी वर्षं राहणार. सोडलेलं डोमेन दुसरा कुणीही घेतो आणि तुमच्या गिऱ्हाइकासमोर वाटेल ते मांडतो. जुन्या डोमेनवरचा ईमेलही त्याच्यासोबत जाईल. घरी एवढंच सांगा.

वडगावची_लेक
सांगते. रकाने आज रात्रीपासून भरते, कन्नड पानांना भाऊ बसेल. फोटोंचे पत्ते मात्र हजाराच्या वर निघतील. एकेक लिहायचे की फोल्डरची नावं तीच ठेवून एका नियमात वळवता येतील?

निपाणी_वेब
फोल्डर आणि फाईलची नावं तीच ठेवा, एका नियमात होतं. आधी दहा-बारा पत्ते उघडून बघा, मगच बाकीचे वळवा.