मदत हवी आहे: चिपळूणला पुराआधी आईबाबांना घरातून कधी हलवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असते. आईबाबा चिपळूणला, बाजारपेठेजवळच्या आमच्या जुन्या घरात. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईला रोज इन्सुलिन लागतं. तिकडे पावसाने जोर धरला की मला इथे झोप लागत नाही.

२२ जुलै २०२१ला पहाटे आईचा फोन आला, "अंगणात पाणी आलंय गं, सामान वर घेतोय." तेवढंच बोलणं झालं, मग फोन लागेचना. आमच्या जिन्याच्या खांबावर बाबांनी २००५च्या पुराची खूण करून ठेवली होती. त्या पहाटे ते तीच खूण बघून सामान लावत होते, पाणी तिथवर येईल, पुढे नाही म्हणून. पाणी त्या खुणेच्या दोन वीत वर गेलं. आईच्या औषधांचा डबा नेमका त्या दोन वितींत होता. तेव्हापासून जुन्या पुरावरून अंदाज बांधायची मला धास्तीच बसली आहे.

मला समजतं ते एवढं: वाशिष्ठीला पाणी घाटमाथ्यावरून येतं, त्यामुळे शहरात पाऊस उघडला तरी नदी चढत राहते. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही कोळकेवाडी धरणाहून याच नदीत येतं. शिव नदी गावातूनच वाहते. आणि त्याच वेळी भरती असली की पुढे खाडीत निचरा होत नाही. २०२१ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस.

रेड अलर्टवर मी सगळं सोडू शकत नाही. तो जिल्ह्याला असतो, २४ तासांत २०४.५ मिमी किंवा त्याहून जास्त पावसाच्या शक्यतेचा. पण तो पाऊस नेमका कुठे पडेल, हे त्यावरून कळत नाही. दोनदा मी आईबाबांना सावर्ड्याला मावशीकडे पाठवलं, दोन्ही वेळा पाणी आलंच नाही. आता बाबा म्हणतात, दर वेळी पिशवी भरून निघायचं का? त्यांचंही खरं आहे.

वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. बाजारपेठेच्या आसपास राहणाऱ्यांनो, तुम्ही ५ला निघता की आधीच? ५ ते ७ चढायला तुमच्या अनुभवात किती वेळ लागतो? पोफळी, शिरगाव, अलोरे भागातलं कुणी इथे असेल तर वरच्या पावसाचा जोर बघून काही सांगता येतं का? मला वाटतं, भरती किती वाजता आहे आणि ती रात्रीची आहे का, यावर निम्मा निर्णय ठरवावा. हे बरोबर आहे का?

पाणी शिरल्यावर हलवण्याचा पर्याय आमच्याकडे नाही. गुडघाभर पाण्यात बाबांना चालवणं शक्य नाही, आणि तेव्हा रिक्षाही मिळत नाही.

आणखी एक. वीज गेल्यावर इन्सुलिन दोन-तीन दिवस कसं सांभाळलंत? आई मडक्यात ठेवते, वरून ओलं फडकं. पावसाळी दमट हवेत ते पुरेसं गार राहतं का? डॉक्टरांना विचारणार आहेच, पण ज्यांनी पुरात हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

रात्री जागून नदीची पातळी कळवणारा एखादा व्हॉट्सअॅप ग्रुप तुमच्या आळीत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आज अष्टमी आहे, अमावास्येच्या आत मला बाबांशी बोलून काहीतरी पक्कं ठरवायचं आहे.