प्लग-इन हायब्रिड रात्रभर चार्जिंगला लावली तर चालते का?

एडिसनकर:
न्यू जर्सीत २०२३ ची टोयोटा प्रियस प्राइम घेतलीय, प्लगने चार्ज होणारी, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. ऑफिसला जाऊनयेऊन २६ मैल, बॅटरीवरच भागतं. गराजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटला रात्री लावतो. बाबा सांगलीहून फोनवर ओरडतात, "रात्रभर लावू नकोस, जळेल!" खरंच बिघडते का?

मीनाताई:
गाडीला काही होत नाही, भरली की आपली आपण थांबते. पण सॉकेटबद्दल बाबांचं खरं आहे हो. पहिल्या थंडीत मी एक्स्टेंशन वापरलं. सकाळी प्लग तपकिरी आणि प्लास्टिकचा वास! दहा-अकरा तास सलग १२ अँपियर ओढणं म्हणजे मिक्सर फिरवणं नव्हे. थेट भिंतीत लाव, तासाभराने हात लावून बघ. चटका बसला तर इलेक्ट्रिशियन बोलव.

जुना_मेकॅनिक:
इंजिनाला विसरू नका. महिनोन्‌महिने बंद राहिलं तर टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. मी पंधरवड्याने हायब्रिड मोडवर, म्हणजे इंजिनही चालेल असं, अर्धा तास हायवेला काढतो. दोन मिनिटं चालू करून बंद करण्यात अर्थ नाही, ऑइल तापतच नाही.

एडिसनकर:
आणि डिसेंबरात दीड महिना गावी जातोय, तेव्हा?

मीनाताई:
अर्धी भरलेली ठेव, प्लग काढ. मोठी बॅटरी टिकते, मान टाकते ती छोटी १२ व्होल्टची. तिला मेंटेनर, म्हणजे हळूहळू चार्ज ठेवणारा छोटा चार्जर, लावून जा. आम्ही परतलो तेव्हा रिमोट मुका, बॅगा ड्राइव्हवेवर आणि वरून बर्फ!