१९९० मियाटा १.६: टायमिंगच्या सगळ्या खुणा जुळतात, तरी इंजिन ओढत नाही

टॉपडाउन_एडिसन
नमस्कार मंडळी. गाडी १९९० ची माझदा मियाटा, १.६ लिटर इंजिन, पाच गिअर, अमेरिकन मॉडेल. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील घरीच बदललं. त्यानंतर हजारभर मैल गाडी मस्त पळाली, आणि मग हायवेवर चालत्या गाडीचा दमच गेला. आवाज नाही, धूर नाही, चेक इंजिन दिवाही नाही.

आता स्टार्टला वेळ लागतो, आयडल थरथरतो आणि ४००० आरपीएमच्या वर कितीही पेडल दाबा, गाडी हलत नाही. प्लग, प्लगच्या वायर आणि फ्युएल फिल्टर नवीन टाकले, काही फरक नाही. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पेट्रोलचं प्रेशर ४२ पीएसआय. कॉम्प्रेशन १४०, १३८, १४२, १४०. कव्हर उघडून बेल्ट पाहिला: कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) पुल्यांवरच्या आय आणि ई खुणा वर, मध्ये बरोबर १९ दात, क्रँकची खूणही जागेवर. टायमिंग लाइट १० अंश दाखवतो. पुढे काय तपासू?

रेडलाइन_लेस्टर
कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून आणि चारही प्लग काढून घेतलंत ना? तसं घेतलं असेल तर आकडे बोलके आहेत. मॅन्युअलप्रमाणे नवं इंजिन १९२ पीएसआय देतं, किमान मर्यादा १३५ आणि सिलिंडरांतला फरक २८ च्या आत. तुमचं 'पास' होतंय, पण चारही सिलिंडर सारखेच खाली आहेत. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले तर सहसा एखादं सिलिंडर पडतं, चारही एका रेषेत पडत नाहीत. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला नाही तर रिंगा निर्दोष, आणि संशय व्हॉल्व्ह टायमिंगवर.

सोबत व्हॅक्यूम गेज लावा. गरम इंजिनाला आयडलवर १८ ते २० इंच हवेत. काटा स्थिर पण १५ च्या खाली असेल तर टायमिंग मागे पडलंय. आयडलला ठीक आणि २५०० वर धरल्यावर हळूहळू घसरत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. एअरफ्लो मीटर ते थ्रॉटल बॉडीमधली रबरी नळीही चेपून बघा. या १.६ मध्ये पेट्रोल पंपाचा स्विच मीटरच्या झडपेवर आहे, त्यामुळे चीर पडलेली नळी भलतीच लक्षणं दाखवते. पण त्याने कॉम्प्रेशन पडत नाही.

बुलेटप्रेमी
सीएएस (कॅमची स्थिती सांगणारा, ठिणगीची वेळ ठरवणारा सेन्सर) थोडा फिरवून टायमिंग १४ अंशांवर घ्या. पिकअप परत येईल.

पाना_एकवीस
सीएएसला आत्ता हात लावू नका. तो कॅमवरून फिरतो. क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडला असेल तर सीएएस फिरवून ठिणगी वेळेवर येईल, पण व्हॉल्व्ह उशिराच उघडणार. गाडी थोडी सुधारल्यासारखी वाटते आणि खरा दोष झाकला जातो.

टॉपडाउन, क्रँक पुलीच्या बॉसला (मधल्या तुंब्याला) खाचा किती आहेत ते मोजा. चार असतील तर तुमचा क्रँक 'शॉर्ट नोज' (आखूड नाकाचा; नाक म्हणजे क्रँकचं पुढचं टोक), म्हणजे १९९० ते १९९१ च्या मध्यापर्यंतचा. आठ असतील तर नंतरचा, लांब नाकाचा. चार खाचांच्या क्रँकचं दुखणं जुनं आहे: नाक आखूड, त्यामुळे कीला (पुली आणि क्रँकच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीला) आधार कमी. मुळात की फक्त जागा दाखवायला असते, ताकद पेलते ती २१ एमएमच्या बोल्टची पकड. बोल्ट कमी आवळला गेला, बॉस मागेच झिजलेला होता, किंवा बसवताना तेल-कचरा अडकला, की पकड जाते आणि प्रत्येक फटका कीवर बसतो. मग क्रँकमधली खाच रुंद होते. सील बदललंत म्हणजे तो बोल्ट उघडला होता, म्हणून विचारतोय.

आता खुणा का जुळतात ते बघा. दात असलेली पुली आणि बाहेरची पुली एकाच कीवर बसतात. की मागे सरकली की दोन्ही एकत्र मागे राहतात. त्यांची खूण कॅमशी जुळते, टायमिंग लाइटही तीच खूण बघतो. पिस्टन कुठे आहे ते कोणीच विचारलेलं नसतं.

तेच विचारा. चारही प्लग काढा, गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवा आणि ढकलून इंजिन फिरवा. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून उलटं फिरवू नका, उरलीसुरली पकडही सुटेल. एक नंबरच्या प्लगच्या भोकात लांब प्लास्टिकची काडी सोडा (धातूची नको). पिस्टन वर येताना काडी ठरावीक उंचीवर आली की पुलीवर खडूची रेघ, माथ्यावरून उतरताना त्याच उंचीवर दुसरी. दोन रेघांच्या मधोमध खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा). तो आला की पुलीची खूण कव्हरवरच्या 'टी' खुणेशी जुळायला हवी. इंजिन चालू असताना पुली समोरून बघा, डुगडुगते का.

टॉपडाउन_एडिसन
चार खाचा. ऑइल टाकून कॉम्प्रेशन तेवढंच, व्हॅक्यूम स्थिर १३. पुलीची खूण 'टी'वर येते तेव्हा पिस्टन खाली उतरायला लागलेला असतो. डुगडुगही दिसते. व्हॉल्व्ह वाकले असतील का? आणि क्रँक न काढता हे दुरुस्त होतं का?

पाना_एकवीस
व्हॉल्व्हची काळजी नको. या १.६ मध्ये टायमिंग सुटलं तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत. पण गाडी चालवू नका. दर मैलाला नाक झिजतंय.

रेडिएटर काढा, जागा मिळते. पुली, बॉस, बेल्ट आणि दातांची पुली उतरवून क्रँकची खाच बघा. नवी की घालून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. लॉकटाइट ६६० हे धातू चिकटवायचं रसायन अर्धा मिलिमीटरपर्यंतची फट भरतं. त्याहून जास्त असेल तर त्यात पैसे घालू नका, दुसरं इंजिन शोधा.

फट मापात असेल तर नवी की, नवा बॉस, नवा बोल्ट. दातांच्या पुलीची खाच झिजली असेल तर तीही नवी. नाक ब्रेक क्लीनरने दोनदा पुसा, तेलाचा अंश राहिला तर ६६० धरत नाही. आधी सगळं कोरडं जोडून बघा. पिस्टन खऱ्या टीडीसीवर ठेवून पुली घड्याळाच्या दिशेने, 'टी'ला खूण लागेपर्यंत सरकवा. खाचेची त्या बाजूची भिंत सहसा कमी झिजलेली असते, की तिला टेकवायची. मग ६६० खाचेत आणि नाकावर, सीलच्या ओठाला लागू न देता. बोल्ट ८० ते ८७ फूट-पाउंड. पाचवा गिअर टाकून जोडीदाराला ब्रेक दाबायला लावा, इम्पॅक्ट गन वापरू नका. आवळल्यावर टीडीसी पुन्हा तपासा, कारण बोल्ट आवळताना पुली फिरू शकते. २४ तास हात लावू नका.

रेडलाइन_लेस्टर
बेल्टचा ताण देताना क्रँक घड्याळाच्या दिशेने १ पूर्ण ५/६ फेरे फिरवून ताणाच्या खुणेवर आणा आणि मगच टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा) बोल्ट ढिला करून पुन्हा आवळा. दोन कॅम पुल्यांमध्ये १० किलो जोराने दाबल्यावर बेल्ट ९ ते ११.५ मिमी दबला पाहिजे.

टायमिंगसाठी डायग्नोसिस बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरने जोडा, आयडल ८५०, १० अंश. आता लाइटवर विश्वास ठेवायला हरकत नाही. बोल्टच्या डोक्यावरून बॉसवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. ऑइल बदलताना टॉर्चने बघायचं. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट नुसता पुन्हा आवळून चालणार नाही, चिकटलेला थर फुटलेला असतो.

आणि दुसरं इंजिन घ्यायची वेळ आली तर १९९१ नंतरचं १.६ घ्या. पैसे देण्याआधी पुलीच्या आठ खाचा स्वतः मोजा, विकणाऱ्याने सांगितलेल्या सालावर जाऊ नका.