मृतदेहाची ओळख पटवायला आईचंच रक्त का मागतात?

दर्याकाठ_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या फेरीला माझ्या मोठ्या भावाची होडी उलटली. चौघे पोहून आले, दोघे राहिले. एक दादा, दुसरा आमचा सख्खा चुलतभाऊ. 19 दिवसांनी शेजारच्या तालुक्यात खडकात एक देह सापडला. चेहरा ओळखण्यासारखा उरलेला नाही. अंगावर हाफ पँट आहे, पण दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली.

पोलिसांनी मांडीचं हाड आणि दाढ प्रयोगशाळेत पाठवली आहे आणि आता आईचं रक्त मागत आहेत. आई 71 वर्षांची आहे. ती म्हणते, "मी रक्त दिलं म्हणजे तो गेला असं मीच लिहून दिल्यासारखं होईल." काकूचंही तेच. माझं किंवा धाकट्या भावाचं रक्त घेऊन भागणार नाही का? दादाचा टूथब्रशही घरात आहे. आणि हा रिपोर्ट कितपत खात्रीचा असतो? कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

अभिजित_७७

ताई, वाचून फार वाईट वाटलं. माझ्या माहितीप्रमाणे टूथब्रश पुरेसा असतो, आईंना त्रास देऊ नका. किंवा धाकट्या भावाचं रक्त द्या. पुरुषांचा वाय गुणसूत्र बापाकडून जसाच्या तसा येतो, लगेच जुळेल.

निवृत्त_विश्लेषक

ताई, मी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत 24 वर्षं काढली, त्यातली शेवटची 13 डीएनए विभागात. अभिजितरावांनी मनापासून लिहिलंय, पण तुमच्या बाबतीत नेमका तोच सल्ला घात करील. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे येतो हे खरं. पण तुमचे वडील आणि काका सख्खे भाऊ, म्हणजे दोघांचा वाय आजोबांचाच. दादाचा आणि चुलतभावाचाही तोच. धाकट्या भावाचा वाय त्या देहाशी जुळला तर कळेल काय? देह तुमच्या घराण्यातला आहे, एवढंच. ते तर आजही माहीत आहे.

आता आई का, ते सांगते. आपल्या डीएनएत काही जागा अशा असतात की तिथे चार अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. टीएच01 नावाची एक जागा घ्या, तिथे ए-ए-टी-जी हा तुकडा येतो. कुणात 6 वेळा, कुणात 9 वेळा. प्रत्येकाला तिथे दोन आकडे असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. समजा तुमच्या आईचे 6 आणि 9 आहेत आणि हाडातून 7 आणि 9 निघाले. 9 आईचा, तर 7 वडिलांचा असला पाहिजे. हाडातून 7 आणि 8 निघाले तर आईचा एकही आकडा तिथे नाही. अशा 20 हून अधिक जागा आम्ही तपासतो. पोटचा मुलगा असेल तर प्रत्येक जागी आईचा एक आकडा सापडायलाच हवा. एखाद्या जागी पिढी बदलताना आकडा एकाने पुढेमागे सरकतो, म्हणून एका जागेवरून आम्ही कधी नकार देत नाही. पण चार-पाच जागी आई दिसेना, तर तो तिचा मुलगा नव्हे. विषय संपला.

भावंडांचं तसं नसतं. एकाच आईबापाच्या दोन मुलांचे आकडे एखाद्या जागी दोन्ही जुळतील, एक जुळेल, किंवा एकही जुळणार नाही. चारातून एकदा एकही जुळत नाही. म्हणून फक्त तुमचं रक्त असेल तर उत्तर धूसर येतं, आणि समोर चुलतभाऊ असताना धूसर उत्तर मला कधीच चालवून घेता आलं नसतं. तुमचं रक्त अगदीच निरुपयोगी नाही. हाड फार खराब झालं असेल तर मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा, डीएनए काढतात. तो फक्त आईकडून येतो आणि तुम्हा सगळ्या भावंडांत तोच असतो. तुमची आई आणि काकू एकमेकींच्या माहेरच्या नात्यातल्या असतील तर दोघींच्या मुलांत तो सारखाच निघू शकतो, म्हणून तसं आहे की नाही ते पोलिसांना आधीच सांगा.

टूथब्रशही न्या, पण तो दादानेच वापरला होता याची शंभर टक्के खात्री असेल तरच. मच्छीमारांच्या घरी एका डब्यात सहा ब्रश असतात, मी पाहिलेत.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही तपासणी माणूस गेला असं लिहून देत नाही. "हा तो नव्हे" हे ती सगळ्यात ठामपणे सांगते. इंग्लंडचे शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून माणूस ओळखायचं तंत्र 10 सप्टेंबर 1984 रोजी सापडलं. दोन वर्षांनी तिथल्याच जिल्ह्यातल्या दोन मुलींच्या खुनांत, गुन्ह्याच्या तपासासाठी ते पहिल्यांदा वापरलं, तेव्हा पोलिसांकडे एका 17 वर्षांच्या मुलाचा कबुलीजबाब होता. डीएनएने सांगितलं, दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो हा मुलगा नाही. या तंत्राने पहिल्यांदा कुणाला पकडलं नाही, सोडवलं. आईंना हे सांगा.

दर्याकाठ_रत्नागिरी

मॅडम, तुमचे खूप आभार. आई आणि काकूचं माहेर वेगळं आहे, नातं नाही. दादाला सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याचं आणि वहिनीचं चालेल का? त्याला सुई टोचायची वहिनीला भीती वाटते.

निवृत्त_विश्लेषक

चालेल काय, फार चांगलं. मुलाच्या आकड्यांतून वहिनीचे वजा केले की उरतात ते बापाचे. आई एकटी असेल तर निष्कर्ष येतो, पण तुमच्यासारख्या एकाच वस्तीत लग्नं होणाऱ्या समाजात मला आई, वहिनी आणि मुलगा तिघंही लागले असते. रिपोर्टात जो 99.99 सारखा आकडा येतो तो "इतके टक्के डीएनए जुळला" असा नसतो. नातं नसलेला कुणीतरी परका माणूस योगायोगाने इतका जुळण्यापेक्षा हा मुलगा असणं किती पटींनी संभवतं, त्यावरून तो काढतात. नमुने जितके जास्त, तितका तो आकडा भक्कम.

लहान मुलाच्या गालाच्या आतून बोळा फिरवूनही नमुना घेता येतो, डॉक्टरांना तसं विचारा. मोठ्यांचं दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात. त्यात ईडीटीए असतं, रक्त गोठत नाही.

वकील_साताऱ्याचे

मॅडम, एक शंका. जर्मनीत एका बाईचा डीएनए 40 च्या आसपास गुन्ह्यांत सापडत होता आणि शेवटी ती बाई, पोलीस नमुने घ्यायला वापरतात ते कापसाचे बोळे भरणाऱ्या कारखान्यातली कामगार निघाली. मग कुटुंबाने विश्वास कशावर ठेवायचा?

निवृत्त_विश्लेषक

वकीलसाहेब, शंका रास्त आहे. हायलब्रॉनला 2007 मध्ये पोलीस महिलेचा खून झाला, त्यातही तोच डीएनए आला आणि 2009 मध्ये उलगडा झाला. बोळे जंतुविरहित होते, डीएनएविरहित नव्हते. जंतू मारले तरी माणसाच्या पेशींचा डीएनए राहतो. तंत्राने सांगितलं ते खरंच होतं: ती बाई त्या बोळ्यावर होती.

म्हणून मला यंत्रापेक्षा यंत्राआधीच्या गोष्टींची काळजी वाटते. एकदा आमच्याकडे ओली कपड्याची पुरचुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आली होती. उघडली तर आत हिरवी बुरशी, डीएनए संपलेला. कागदी पाकिटात वाळवून घातली असती तर एका मुलीला न्याय मिळाला असता. ती पिशवी मी अजून विसरलेले नाही. हाडाचं तसं नाही, दाढेच्या आत आणि मांडीच्या हाडाच्या जाड भागात डीएनए समुद्रातही तग धरतो. आधी वरचा थर घासून टाकतो, मग हाड द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून त्याचं पीठ करतो, पांढरं, तांदळाच्या पिठासारखं. प्रत्येक वेळी कोऱ्या पाण्याचा एक नमुना सोबत चालवतो. त्यात डीएनए दिसला तर बाहेरून काही मिसळलंय, मग सगळं पुन्हा.

आपल्याकडे 1989 मध्ये केरळच्या न्यायालयात पितृत्वाच्या दाव्यात हा पुरावा मानला गेला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतले शास्त्रज्ञ लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएपासून शोधक तुकडा तयार केला होता, त्यावर ती तपासणी झाली. माझ्या पिढीला या कामाचा अभिमान आहे.

ताई, रक्त देताना फॉर्मवर फोटो लावतील, सही किंवा अंगठा घेतील. कंटाळू नका. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या खटल्यात जवळजवळ 5000 पुरुषांचे नमुने घेतले, तेव्हा खऱ्या खुन्याने आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवलं होतं. रक्त खरं, माणूस खोटा. बाटलीवरचं नाव आणि सील तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

दर्याकाठ_रत्नागिरी

आईला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग एकच विचारलं, "तो नसला तर तेही कळेल ना?" मी म्हटलं, हो आई, ते तर आधी कळेल. काकूही तयार झाली. दोघी म्हणतात, एकाच वेळी देऊ.

उद्या सकाळी 6:15 च्या एसटीने जिल्हा रुग्णालयात जातोय, वहिनी आणि बाळही. सहा ब्रशांतला दादाचा कुठला ते कुणालाच नक्की सांगता येईना, म्हणून तो राहू दिला. त्याचा दाढीचा रेझर आहे, तो फक्त तोच वापरायचा. कागदी पाकिटात घालून पोलिसांकडे देते.

निवृत्त_विश्लेषक

रेझर उत्तम. पात्याला हात लावू नका, धुऊ नका, आणि पाकीट थुंकी लावून चिकटवू नका.